तुटतं ते खाचेपाशीच!

चार्जरची वायर असो, रेल्वेचा रूळ असो की नदीवरचा आख्खा पूल... ‘अचानक तुटलं’ असं आपण म्हणतो. पण त्या तुटण्याची सुरुवात खूप आधी, एखाद्या बारीकशा खाचेपाशी झालेली असते. मेकॅनिकलवाल्यांच्या जर्नलमध्ये अडकलेली ही गोष्ट आपल्या सगळ्यांची आहे.

बॅगेतून तुमची चार्जरची वायर काढा. वर्षभर वापरलेली असेल, तर ती कुठे खराब झालीय ते बघा. मधोमध? शक्यता कमीच. बहुतेक ती गेली असणार मानेपाशी. म्हणजे जिथे मऊ वायर कडक पिनमध्ये शिरते, बरोब्बर तिथे. मग आपण त्यावर सेलोटेप गुंडाळतो, वायर एका ठरावीक कोनात ठेवतो, ‘चार्ज होतंय, अजिबात हात लावू नकोस’ असं रूममेटला बजावतो आणि आठवड्याभरात नवीन वायर घेतो.

आता शॅम्पूचं पाऊच आठवा. कडेला इवलीशी खाच असते, तिथून ओढलं की पाऊच लग्गेच फाटतं. ती खाच नसली की मग दात, कात्री, बाथरूममधली झटापट! कापडाच्या दुकानातले काका तर यातले उस्ताद. कापड मोजतात, काठाला कात्रीनं बोटभर चीर देतात आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडतात. कात्री फक्त सुरुवातीला, बाकीचं काम चीर स्वतःच करते.

कापड तेच, प्लास्टिक तेच. मग फरक कशामुळे पडला? खाचेमुळे. हाच नियम पोलादाच्या जाडजूड सळईलाही लागू आहे. आपण ज्या लोकलनं कॉलेजला येतो तिचे आस, ती धावते ते रूळ, बाईकची क्लच केबल, विमानाची बॉडी, सगळ्यांना. मी मास कॉमची, त्यामुळे ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स’ हा विषय मला परीक्षेला नव्हता. पण या विषयाचं टेन्शन फक्त इंजिनीअरिंगवाल्यांनी घ्यावं असं काही नाही. तुटणाऱ्या गोष्टींवर आपण सगळेच उभे असतो.

दादरच्या पुलावरची रेटारेटी

आधी साधा प्रश्न. खाच पाडली की सळई कमकुवत का होते? ‘तेवढा धातू कमी झाला म्हणून’ हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. दहा मिलिमीटर जाडीच्या सळईला एक मिलिमीटरची खाच पाडली, तर धातू दहा टक्के कमी झाला. पण ताकद त्याहून कितीतरी जास्त कमी होऊ शकते. का?

संध्याकाळी साडेसहाला दादरचा पूल डोळ्यांसमोर आणा. सगळी गर्दी एकाच दिशेनं सरकतेय. तेवढ्यात कठड्याला लागून कुणीतरी भलंमोठं बोचकं ठेवलं. त्या बाजूनं येणारी माणसं काही थांबत नाहीत, बोचक्याला वळसा घालून पुढे जातात. पुलाच्या पलीकडच्या बाजूला फारसा फरक पडत नाही. पण बोचक्याच्या टोकापाशी? तिथे सगळ्यात जास्त रेटारेटी.

सळई ओढली की तिच्यातून ताणही असाच ‘वाहतो’. खाचेच्या जागेतून जाणारा ताण खाचेच्या टोकाला वळसा घालून जातो आणि तिथे त्याची गर्दी होते. इंजिनीअर याला ‘स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन’ म्हणतात. ही गर्दी नेमकी किती, याचं गणित १९१३ मध्ये केंब्रिजच्या चार्ल्स इंग्लिस यांनी मांडलं, तेही जहाजं बांधणाऱ्या इंजिनीअरांसमोर. रुंद पत्र्याला छोटं गोल भोक पाडून तो ओढला, तर भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. तेच भोक ओढीला आडवं आणि लंबवर्तुळाकार असेल, रुंदीच्या दहापट लांब, तर टोकाशी ताण एकवीस पट! म्हणजे खाच किती मोठी, यापेक्षा ती किती टोकदार हे जास्त महत्त्वाचं. आणि तडा म्हणजे काय? सगळ्यात टोकदार खाच.

इथे हुशार वाचकाच्या मनात प्रश्न येईल. टोक जर अगदीच अणकुचीदार असेल, तर या गणितानं ताण अफाट वाढायला हवा आणि जरासा ओरखडा असलेली कुठलीही वस्तू हात लावताच तुटायला हवी. तसं होत नाही, कारण चांगलं पोलाद थोडं ‘समजुतीनं’ घेतं. टोकापाशी ताण फार वाढला, की तिथला धातू किंचित वाहतो, पसरतो आणि टोक बोथट होतं. काच हे करू शकत नाही, म्हणून काचेला ओरखडा पाडून ती सरळ रेषेत तोडता येते. धातूच्या या गुणाला मराठीत फार छान शब्द आहे, चिवटपणा. मजबूत असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं. तुटण्याच्या गोष्टीत हिरो चिवट असणारा असतो.

५५ मिलिमीटरची परीक्षा

चिवटपणा मोजायचा कसा? तुमच्या कॅम्पसमध्ये इंजिनीअरिंगची बिल्डिंग असेल, तर मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये डोकावून या. कोपऱ्यात जाळीच्या पिंजऱ्यात एक मोठ्ठा लोखंडी लंबक लटकलेला दिसेल. सेकंड इयरची मुलं त्याला ‘तो हातोडा’ म्हणतात. फ्रान्सच्या जॉर्ज शार्पी यांनी १९०१ मध्ये या चाचणीचं काम प्रसिद्ध केलं आणि तिला आजही त्यांचंच नाव आहे. आपल्याकडे मात्र सगळे ‘चार्पी टेस्ट’च म्हणतात. तिची एक बहीणही आहे, इझॉड टेस्ट. व्हायवाला या दोघींतला फरक हमखास विचारतात. चार्पीत सळई आडवी ठेवतात, इझॉडमध्ये उभी धरतात.

सळई कसली, बोटभर तुकडाच तो. लांबी ५५ मिलिमीटर, जाडी-रुंदी १० बाय १०. मधोमध इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची खाच, फक्त दोन मिलिमीटर खोल. खाचेची मागची बाजू हातोड्याकडे येईल असा तुकडा ठेवायचा आणि लंबक सोडायचा. तो खाली येतो, तुकडा तोडतो आणि पलीकडे वर जातो. जितका कमी वर गेला, तितकी जास्त ऊर्जा तुकड्यानं खाल्ली. झालं, हाच त्या धातूचा चिवटपणा, ज्यूलमध्ये.

या लेखासाठी मी एका लॅबमध्ये ही टेस्ट बघितली. सगळ्यात आधी बिडाचा तुकडा लावला. ‘टक्’ असा आवाज आला आणि लंबक जणू काही झालंच नाही असा वर निघून गेला. मग माइल्ड स्टील. यावेळी आवाज ‘धप्प’ असा जड होता आणि लंबक पलीकडे पोचेपर्यंत दमला होता. तुटलेले तुकडे हातात घेतले तेव्हा खरी मजा कळली. बिडाचा तुटलेला भाग सपाट, जणू बिस्कीट मोडलंय. स्टीलचा भाग मात्र ओबडधोबड, मळकट, ओढून फाटल्यासारखा. तुकड्याच्या कडा खाचेपाशी आत ओढल्या गेल्या होत्या, मागच्या बाजूला फुगल्या होत्या. तुटण्याआधी त्यानं झुंज दिली होती, हे नुसत्या डोळ्यांना दिसत होतं.

आता यात एक ट्विस्ट. हेच माइल्ड स्टील बर्फात किंवा त्याहून थंड करून ठेवलं तर? तापमान पुरेसं खाली गेलं की तेही बिस्किटासारखं मोडायला लागतं आणि तुटलेल्या भागात चकचकीत दाणे दिसतात. धातू तोच, खाच तीच, फक्त थंडी वाढली. हा धडा दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या जहाजांनी फार महागात शिकवला. १६ जानेवारी १९४३ ला ‘स्केनेक्टडी’ नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज ओरेगॉनमधल्या धक्क्याला शांत पाण्यात बांधलेलं असताना जवळजवळ दोन तुकड्यांत मोडलं. वादळ नाही, टॉर्पेडो नाही. थंड हवा, थंडीत ठिसूळ होणारं पोलाद आणि वेल्डिंगनं एकसंध जोडलेली बॉडी. रिव्हेटनं जोडलेल्या जुन्या जहाजांत तडा एका पत्र्याच्या काठाशी येऊन थांबायची तरी शक्यता होती. इथे त्याला अडवायला काठच नव्हता.

रोज थोडं थोडं

पण लंबकाचा एक घाव आणि खेळ खल्लास, असं खऱ्या आयुष्यात क्वचित होतं. खरा तडा घाईत नसतो.

८ मे १८४२. व्हर्सायहून पॅरिसला परतणारी, खचाखच भरलेली रेल्वेगाडी. पुढच्या इंजिनाचा आस तुटला, डबे एकावर एक चढले, आग लागली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. तेव्हा बऱ्याच जणांचा समज होता की हादऱ्यांनी लोखंडाची आतली रचनाच बदलते, ते ‘दाणेदार’ होतं आणि मोडतं. विल्यम रँकिन नावाच्या स्कॉटिश पोरानं तुटलेले आस नीट तपासले आणि १८४३ मध्ये वेगळंच सांगितलं. रचना बदलत नाही. जिथे आसाची जाडी एकदम बदलते, त्या काटकोनी खांद्यापाशी बारीक तडा सुरू होतो आणि हळूहळू आत सरकतो. उपाय काय, तर तो कोपरा गोलसर करा. तेव्हा हा रँकिन बाविशी-तेविशीतला होता. म्हणजे तुमच्या-माझ्याच वयाचा!

पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर या रेल्वे इंजिनीअरनं वर्षानुवर्षं आस फिरवून फिरवून तोडले आणि मोजमाप केलं. एकदाच लादलं तर सहज पेलेल इतकं ओझं, पण ते लाखो वेळा आलं-गेलं, तर धातू तुटतो. याला ‘मेटल फटिग’ म्हणतात, धातूचा थकवा. आणि सळईला खाच असेल, तर हा थकवा फार लवकर येतो.

‘लाखो वेळा’ ऐकायला जास्त वाटतं ना? चला, हिशोब करू. आस फिरतो तेव्हा वरची बाजू खाली जाते, खालची वर येते. म्हणजे एका फेऱ्यात प्रत्येक बाजू एकदा ताणली आणि एकदा दाबली जाते. लोकलच्या चाकाचा घेर साधारण तीन मीटर धरला, तर चर्चगेट ते विरार या सुमारे ६० किलोमीटरमध्ये चाक २० हजार वेळा फिरतं. दिवसाला अशा दहा खेपा धरल्या तर दोन लाख. पाच दिवसांत दहा लाख! आपण खिडकीपाशी उभं राहून रील बघतो तेव्हा खाली हे चालू असतं.

आता मूळ प्रश्न. जिथे काहीच नव्हतं, तिथे तडा जन्माला येतो कसा? धातू म्हणजे असंख्य बारीक स्फटिक. प्रत्येक स्फटिकात अणूंचे थर, पत्त्यांच्या कॅटसारखे. ताण आला की काही थर एकमेकांवरून किंचित घसरतात. ताण उलटा झाला की परत येतात, पण तंतोतंत पहिल्या जागी नाही. कॅट हजारदा पुढे-मागे सरकवून बघा, कडा वरखाली होतातच. तशाच सूक्ष्म पायऱ्या आणि खळगे धातूच्या पृष्ठभागावर तयार होतात. १९०३ मध्ये युइंग आणि हंफ्री या दोघांनी मायक्रोस्कोपखाली स्विडिश लोखंडावर या घसरणीच्या रेषा वाढत वाढत बारीक तड्यांमध्ये बदलताना पाहिल्या. थोडक्यात, तुम्ही खाच पाडली नाही तरी धातू स्वतःची खाच स्वतः तयार करतो. तुम्ही आधीच पाडून ठेवली असेल, तर त्याचं काम सोपं!

एकदा तडा जन्मला की तो प्रत्येक फेऱ्याला किंचित पुढे सरकतो. किती? सुरुवातीला मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. पण जितका लांब होतो, तितकी त्याच्या टोकावरची गर्दी वाढते, म्हणून वेगही वाढतो. हा वेग मोजायचं सूत्र पॉल पॅरिस या अमेरिकन संशोधकानं सहकाऱ्यांसोबत १९६१ मध्ये मांडलं. तेव्हाच्या नामांकित जर्नल्सनी तो पेपर नाकारला, शेवटी तो वॉशिंग्टन विद्यापीठाच्या स्वतःच्या नियतकालिकात छापून आला. आज जगभर विमानांची तपासणी कधी करायची, हे ठरवताना त्याच सूत्राचा आधार घेतात. पहिल्या सबमिशनला रिजेक्शन आलेल्यांनी हे कापून भिंतीवर लावावं. सूत्राचा सारांश असा की, अनेक धातूंमध्ये ताणाचे चढउतार दुप्पट झाले तर तड्याचा वेग साधारण आठपट किंवा त्याहून जास्त होतो. ट्रकमध्ये ‘थोडंच जास्त’ भरलं तर काय होतं, याचं उत्तर इथे आहे.

आणि गंमत म्हणजे धातू हे सगळं लिहून ठेवतो. थकव्यानं तुटलेला भाग बघितला, तर त्यावर ओहोटीनंतर वाळूवर उमटतात तशा वक्र रेषा दिसतात. त्या रेषांचा मागं मागं माग काढत गेलं की तड्याचं जन्मस्थान सापडतं. बहुतेक वेळा ते असतं एखादं भोक, खांदा, वेल्डिंग किंवा ओरखडा. शेवटचा भाग मात्र खडबडीत असतो, तो एका क्षणात तुटलेला. त्या एका क्षणाला आपण ‘अचानक’ म्हणतो.

अडीच मिलिमीटर

तो क्षण किती छोट्या गोष्टीमुळे येऊ शकतो, हे अमेरिकेतल्या सिल्व्हर ब्रिजनं दाखवलं. ओहायो नदीवरचा हा पूल १९२८ मध्ये सुरू झाला. झुलता पूल, पण तारांच्या दोरखंडाऐवजी पोलादी पट्ट्यांच्या साखळीवर पेललेला. प्रत्येक पट्टी साधारण पाच सेंटिमीटर जाड, तीस सेंटिमीटर रुंद, दोन्ही टोकांना भोक आणि भोकात अडकवलेली पिन. सायकलची चेन डोळ्यांसमोर आणा, फक्त राक्षसी आकाराची. साखळीच्या एका कडीत अशा दोनच पट्ट्या.

मघाचा तिप्पट ताणाचा नियम आठवा. भोकाची कड! तिथे एका पट्टीच्या आतल्या बाजूला गंज आणि ताण दोघांनी मिळून एक तडा तयार केला. जवळजवळ चाळीस वर्षं तो वाढत राहिला. जागा अशी, की जोड सुटा केल्याशिवाय तो कुणाला दिसणारच नव्हता. दरम्यान रस्त्यावरच्या गाड्या १९२८ च्या मानानं कितीतरी जड झाल्या होत्या.

१५ डिसेंबर १९६७. संध्याकाळचे पाच, ख्रिसमसच्या खरेदीचे दिवस, पूल गाड्यांनी भरलेला, हवा गोठवणारी. ती एक पट्टी तुटली. जोडीच्या दुसऱ्या पट्टीला एकटीला ते पेललं नाही, जोड निसटला आणि जेमतेम एका मिनिटात आख्खा पूल नदीत. ४६ माणसं गेली.

नदीतून भाग काढून तपासले तेव्हा तो तडा सापडला. खोली सुमारे अडीच मिलिमीटर! लॅबमधल्या त्या बोटभर तुकड्याची खाच दोन मिलिमीटर असते ना, तिच्याहून अर्धा मिलिमीटर जास्त. पाच सेंटिमीटर जाड पट्टीसाठी एवढासा तडा पुरेसा कसा ठरला? कारण प्रत्येक धातूत, ठरावीक ताणाखाली, तड्याची एक लक्ष्मणरेषा असते. ग्रिफिथ या इंग्लिश संशोधकानं १९२० मध्ये काचेवर प्रयोग करून ही कल्पना मांडली. त्या रेषेच्या आत तडा इंचाइंचानं सरकतो, बाहेर गेला की मग त्याला थांबवता येत नाही. सिल्व्हर ब्रिजच्या पट्ट्या उष्णता देऊन जास्त मजबूत केलेल्या पोलादाच्या होत्या. मजबूत होत्या, पण पुरेशा चिवट नव्हत्या. म्हणून त्यांची लक्ष्मणरेषा इतकी जवळ होती.

या अपघातानंतर अमेरिकेत पुलांच्या तपासणीचा कायदा आला आणि १९७१ मध्ये देशभरासाठी नियम झाले की पूल दर दोन वर्षांनी तपासलाच पाहिजे. सिल्व्हर ब्रिजसारखाच आणखी एक पूल त्याच नदीवर होता. तो बंद केला आणि पुढे पाडून टाकला. त्यातला तडा शोधायची खात्रीशीर सोय नव्हती, एवढं कारण पुरे होतं.

‘रुळाला तडा, लोकल विस्कळीत’

आता आपल्या घरी येऊ. डिसेंबर-जानेवारीत सकाळी मोबाइल उघडला की ही हेडलाइन असतेच. ग्रुपवर मेसेजेसचा पाऊस, ‘सर, ट्रेन लेट आहे, अटेंडन्स द्या ना’. आणि दरवर्षी कुणीतरी विचारतं, ‘थंडीत रूळ तुटतो म्हणजे काय? मुंबईत कुठे एवढी थंडी?’

मुंबईच्या थंडीत पोलाद बिस्कीट होत नाही, हे खरं. इथे कारण वेगळं आहे. हल्लीचे रूळ वेल्डिंग करून लांबच्या लांब जोडलेले असतात. थंडीत पोलाद आकसतं, पण रूळ स्लीपरला घट्ट धरलेला, त्यामुळे त्याला आकसता येत नाही. मग तो आतून ताणला जातो. ज्या तापमानाला रूळ बिनताण बसवलाय, त्याच्या खाली प्रत्येक अंश सेल्सिअसला एका जाड रुळात जवळपास दोन टनांची ओढ वाढते. दहा अंश खाली गेला तर वीस टन, तेही ट्रेन यायच्या आधी! धडधाकट रूळ हे हसत हसत पेलतो. पण आत एखादा बारीक तडा असेल, वेल्डिंगमध्ये पोकळी असेल, बोल्टच्या भोकाची कड चिरली असेल, तर पहाटे, रूळ सर्वांत थंड असताना, त्याची लक्ष्मणरेषा येते. तडा थंडीनं तयार केलेला नसतो. तो वर्षभर गाड्यांनी वाढवलेला असतो, थंडी फक्त निकाल लावते.

आता या हेडलाइनकडे उलट बाजूनं बघा. तडा गेला, हे कळलं कसं? काही ठिकाणी रुळातून वाहणारा सिग्नलचा करंट तुटतो आणि सिग्नल लाल होतो. काही ठिकाणी हातात हातोडा आणि पाना घेऊन रोज ठरलेला पट्टा चालणाऱ्या की-मननं तो पाहिलेला असतो. हिवाळ्यात तर ट्रॅकमन रात्रीची खास गस्त घालतात. आपण रजई ओढून घेतो, त्या वेळी कुणीतरी टॉर्च घेऊन खडीतून चाललेलं असतं. तडा सापडला की त्यावर क्लॅम्पनं पट्टी आवळतात, गाड्या हळू सोडतात आणि मग सवडीनं तो तुकडा बदलतात. ‘२० मिनिटं लेट’ या बातमीचा खरा अर्थ असा, की कुणाला तरी तडा वेळेत सापडला.

तडा थांबवायचा तरी कसा?

पहिला उपाय रँकिननं दिलेलाच. कोपरे गोल करा. विमानाच्या खिडकीचे कोपरे गोल असतात ते काही फक्त छान दिसावं म्हणून नाही. १९५४ मध्ये ‘कॉमेट’ ही ब्रिटिश जेट विमानं तीन महिन्यांच्या अंतरानं हवेतच फुटली, एकात ३५ आणि दुसऱ्यात २१ जण होते. पहिल्या विमानाचे अवशेष समुद्रातून काढल्यावर दिसलं की फाटायला सुरुवात छतावरच्या अँटेनाच्या खिडकीच्या कोपऱ्यापाशी, एका छोट्या भोकापासून झाली होती. दुसरं एक कॉमेट पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवून, आतला दाब पुन्हा पुन्हा वाढवून-कमी करून तपासलं. प्रत्यक्ष उड्डाणं आणि टाकीतले फेरे मिळून ३,०५७ फेऱ्यांनंतर तेही फाटलं.

दुसरा उपाय ऐकायला वेडेपणाचा वाटतो. तडा गेलाय? मग त्याच्या टोकावर भोक पाडा! टोकदार तड्याचं टोक गोल झालं की ताणाची गर्दी पांगते आणि तडा काही काळ तरी थांबतो. अर्थात, ही तात्पुरती मलमपट्टी. आणि भोक नेमकं टोकावरच पडायला हवं.

तिसरा उपाय सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा. बघत राहा. लाल रंगाचं पातळ द्रव लावून पुसायचं, वर पांढरी पावडर फवारायची, तडा असेल तर त्यात मुरलेला लाल रंग रेष होऊन वर येतो. आतले तडे शोधायला अल्ट्रासाउंड, म्हणजे आपल्याकडे सोनोग्राफी असते तसंच. रुळांवर हेच यंत्र ढकलत नेतात.

आपलं काय? तुमच्यातले काही जण उद्या पूल, गाड्या, मशिन्स डिझाइन करतील. उरलेले, माझ्यासारखे, त्यावरून प्रवास करतील, त्यांच्या बातम्या लिहितील, त्यासाठी टॅक्स भरतील. पूल पडल्यावर ‘अचानक कोसळला’ लिहिणं सोपं असतं. पण तड्याचा इतिहास सांगतो की त्याआधी वर्षं हातात होती. म्हणून विचारायचा प्रश्न ‘कसा तुटला?’ इतकाच नसतो. ‘शेवटचं कधी तपासलं होतं आणि तेव्हा काय दिसलं होतं?’ हा असतो. तो पूल उभा असतानाच विचारलेला बरा.

हे करून बघा

पट्टीचा प्रयोग : कागदाच्या सारख्या रुंदीच्या तीन पट्ट्या कापा. पहिली तशीच ठेवा. दुसरीच्या मधोमध पंचिंग मशीननं गोल भोक पाडा. तिसरीला मधोमध, त्या भोकाइतक्याच लांबीची आडवी चीर ब्लेडनं द्या. तिन्ही सरळ ओढा. कुठली आधी जाते आणि तडा कुठून सुरू होतो, ते बघा.

पेपर क्लिपचा थकवा : क्लिप सरळ करून एकाच जागी पुढे-मागे वाकवा आणि मोजा, कितव्यांदा तुटते. आता दुसऱ्या क्लिपवर पक्कडनं बारीक खाच पाडून तेच करा. डोळे सांभाळा, तुकडा उडतो.

बाईक चेक : क्लचची केबल लिव्हरपाशी जिथे संपते, तिथे एखादी तार सुटलीय का बघा. तिथल्या बारीक तारा एकेक करून तुटतात. पहिली तुटलेली दिसली की केबल बदला. शेवटची तुटते ती नेमकी घाटात.